अर्ध्या अंगाचा पहिलवान

तीन महिन्यांत अख्खं शरीर कमावता येत नाही, हे कुणीही सांगेल. अर्धं कमावता येतं का, हा प्रश्न मात्र माझ्याआधी कुणी विचारला नसावा. मी विचारला आणि त्याचं उत्तर मला दीडशे माणसांसमोर, खणखणीत आवाजात मिळालं. ते कसं, ते सांगतो.

मी द्वोमो. घानातल्या कुमासी शहरात, बंतामा भागातल्या टपाल कचेरीत तीन नंबरच्या खिडकीवर बसतो आणि पत्रांवर शिक्के मारतो. वय अठ्ठावीस, उंची भरपूर, आणि त्याखेरीज शरीर म्हणावं असं फारसं काही नाही. म्हणून मी शर्टाखाली तीन बनियन घालायचो. कुमासीच्या उकाड्यात तीन बनियन म्हणजे काय, ते ज्याने घातलेत त्यालाच कळेल. पण एका बनियनमध्ये मी माझाच धाकटा भाऊ दिसतो, दोन घातले तर नुकताच आजारातून उठलेला दिसतो आणि तीन घातले की कुठे माणसांत येतो. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्याने काढली तो नक्कीच हडकुळा असणार.

आमचं भाड्याचं घर म्हणजे मधे अंगण, भोवती अकरा खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर. बाकीचे पुरुष टॉवेल गुंडाळून, बादली हलवत, गाणी म्हणत अंघोळीला जायचे. मी शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं लावून, कचेरीला निघाल्यासारखा जायचो. लोकांना वाटायचं, केवढा सभ्य मुलगा! सभ्यतेचा त्यात काही संबंध नव्हता. मला लाज वाटायची. दाढीसुद्धा मी बरीच वर्षं अंदाजाने करत आलो होतो, कारण आरसा हनुवटीपाशी थांबत नाही. आणि फोन उघडावा तर तिथे आपापले दंड फुगवून उभी असलेली पोरं. तसा एखादा खिडकीशी आला की मी त्याचं पत्र नंतर बघायचो, आधी दंड बघायचो आणि मनातल्या मनात हरायचो.

हे असंच जन्मभर चाललं असतं, पण माझं लग्न ठरलं.

अब्राफीचं आमच्या कचेरीच्या समोरच शिवणकामाचं दुकान आहे. तिचं हसणं रस्त्याच्या या बाजूला ऐकू येतं. एवढी बाई माझ्यासारख्याला हो कशी म्हणाली, याचं मला स्वतःलाच कोडं होतं आणि त्याचं श्रेय मी प्रामाणिकपणे तीन बनियनांना देऊन टाकलं होतं. नाताळात तिने मला एक शर्ट शिवून दिला होता. मापं तिने स्वतः घेतली होती, पण शर्ट छातीला असा घट्ट झाला की बटणं लागेनात. मी मनात म्हटलं, चुकते एखाद्या वेळी टेप. शर्ट पेटीच्या तळाशी ठेवून दिला.

लग्नाची तारीख ठरली तशी आई गावाहून आली. तिच्या डोक्यावर एक गाठोडं होतं. त्यात माझ्या मामाचं केंटेचं कापड. मामा गेला तेव्हा ते माझ्या वाट्याला आलं होतं. चांगलं जाड, हाती विणलेलं, पिवळं-हिरवं, आणि वजनाला असं की दोघांनी मिळून घडी घालावी.

"हे पांघरून जायचं मुलीच्या घरी," आई म्हणाली.

"आत शर्ट घालीन मी."

"घाल की. टोपी घाल, मोजे घाल, खांद्याला पिशवी लाव. लोक म्हणतील, नवरामुलगा राहिला मागे, पत्रं वाटणारा आधी आला."

विषय संपला. आमच्यात आईने विषय संपवला की तो संपतो.

त्या दिवशी मी खोलीचं दार लावलं, चादर अंगावर केंटेसारखी घेतली आणि आरशासमोर उभा राहिलो. जे दिसलं त्याचं वर्णन करत नाही. पण बघता बघता एक गोष्ट ध्यानात आली. कापड येतं डाव्या खांद्यावर. डावा खांदा, डावा दंड, डावी छाती सगळं आत. उघडं राहतं ते फक्त उजवं. म्हणजे लोकांना दिसणार होता एक खांदा, एक दंड आणि छातीचा एक कोपरा. मग मी अख्ख्या अंगाची काळजी का करत होतो? हातात तीन महिने होते. दोन्ही बाजूंना वाटले तर वाट्याला दीड-दीड महिना. सगळेच्या सगळे उजव्याला दिले तर?

हा विचार मला फार हुशारीचा वाटला, हे मी लपवत नाही.

गुप्तता राखायचं मी ठरवलं होतं, पण अकरा खोल्यांच्या घरात शिंक आली तरी दहा जण औषध सांगतात. दुसऱ्याच दिवशी आमची घरमालकीण एनो सापोमा माझ्या दारात उभी ठाकली. एनो सत्तरीची, अंगाने भरलेली आणि मताने त्याहून भरलेली.

"अंग भरायचंय म्हणे तुला? बाटलीतलं गोड माल्ट पी. त्यात डब्यातलं दूध घाल. सकाळी एक, रात्री एक."

"एनो, मला अंग नको, दंड हवाय."

"दंड काय झाडाला लागतो? आधी अंग, मग दंड."

शेजारच्या खोलीतले निवृत्त सार्जंट अवुनी वर्तमानपत्राआडून म्हणाले, "दूध-बीध काही नको. फुफू कुटायला लावा त्याला. आमच्या पलटणीत सगळ्यात मोठे दंड कुणाचे होते? स्वयंपाक्याचे!"

एनोचा चेहरा उजळला. तिच्या नातवाने कालच कुटायला नकार दिला होता. अंगणात उखळ आलं, फुफूच्या गोळ्यासाठी आत उकडलेले कसाव्याचे कंद आणि कच्ची केळी पडली, एनो स्टुलावर बसून गोळा उलटायला सज्ज झाली. आता मुसळ सगळं जग दोन्ही हातांनी धरतं. मी डावा हात पाठीमागे घेतला.

"हे काय? सलामी देतोयस?"

"मी एकाच हाताने कुटणार."

"अरे, माझी बोटं आहेत आत!"

उखळात डोकं घातल्यावर मुसळाला भ्यायचं नसतं, पण इथे डोकं माझं होतं आणि बोटं एनोची, त्यामुळे ती म्हण तिला सांगण्यात अर्थ नव्हता. पहिला आठवडा तिने दर घावाला देवाचं नाव घेतलं. फुफूत गुठळ्या राहायच्या. तरी फुकटचा कुटणारा मिळाला म्हटल्यावर गुठळ्या कोण बघतो? दुसऱ्या आठवड्यात खोली नंबर चारने आपला कसावा आणून ठेवला, मग सातने, मग नऊने. महिन्याभरात मी अख्ख्या घराचं फुफू कुटत होतो, आणि नऊ नंबरवाली "आज जरा उशीर झाला हं" म्हणून मलाच रागवत होती.

तेवढ्यावर भागेना म्हणून मी तालमीत नाव घातलं. तालीम म्हणजे एका गॅरेजच्या मागची मोकळी जागा. रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून, मधे लोखंडी कांब घालून केलेली वजनं, आणि भिंतीला एक तडकलेला आरसा. तालमीचा मालक तविया, पण त्याला सगळे कमांडो म्हणत. त्याला दारातून आत यायला तिरकं व्हावं लागायचं. मी त्याला माझी योजना सांगितली. 

"फक्त उजवा?"

"फक्त उजवा. छातीचासुद्धा उजवाच भाग, जमलं तर."

"फी पूर्ण पडेल," तो म्हणाला. बाकी त्याला काही आक्षेप नव्हता.

आणि खरं सांगतो, फळ आलं! दुसऱ्या महिन्याच्या अखेरीला उजव्या दंडावर एक टेकाड उगवलं. मी त्याला दिवसातून चाळीस वेळा हात लावून बघायचो, आहे ना म्हणून. दहा वर्षांनी मी आरशात बघून दाढी केली. अर्थात आरसा थोडा उजवीकडे सरकवून.

पण एकदा हात कमावला की तो फक्त लग्नापुरता कमावला जात नाही, तो कचेरीतही बरोबर येतो. माझे शिक्के पत्रातून आरपार उमटू लागले. एका बाईचं लंडनला जाणारं पाकीट फाटलं, आतले फोटो बाहेर आले. मग पोस्टमास्तरांचं पत्र. आमची टेबलं सहा पावलांवर आहेत, तरी पत्र रीतसर आवक नोंद होऊन आलं: "विषय: शिक्का मारताना जादा बळाचा वापर. तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा." मी खुलासा लिहिला की माझं लग्न ठरलेलं आहे. त्यावर शेरा आला: "खुलासा असंबद्ध वाटतो. पुढील आदेशापर्यंत शिक्के डाव्या हाताने मारावेत."

डाव्या हाताने! आमच्याकडे डाव्या हाताने कुणाला केळंसुद्धा देत नाहीत. द्यावंच लागलं तर आधी "डाव्याबद्दल माफ करा" म्हणायचं. एक म्हातारा खिडकीवर हात आपटून ओरडला, "माझ्या थोरल्या भावाच्या पत्राला डावा हात? तुझ्या घरचं पत्र आहे का ते?" त्यानंतर दिवसभर माझं एकच. ठप्प, डाव्याबद्दल माफ करा. ठप्प, डाव्याबद्दल माफ करा. संध्याकाळी घसा बसलेला असायचा.

हेही मी सोसलं. लग्नाला बारा दिवस उरले होते, टेकाड जागेवर होतं, आणि तेवढ्यात अब्राफी रस्ता ओलांडून धावत खिडकीशी आली.

"द्वोमो! अंपोन्सा मामाला गावाने नाना केलं! काल गादीवर बसवलं!"

अंपोन्सा मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ. जन्मभर ट्रक चालवलेला, साधा माणूस. आमच्यात मुलीच्या लग्नात बापापेक्षा मामाचा शब्द वर, आणि आता तो मामा नाना, म्हणजे गावचा राजा झालेला. मला अभिमानाने भरून आलं. शिपायापासून पोस्टमास्तरांपर्यंत सगळ्यांना सांगितलं. घरी येऊन सार्जंटना सांगितलं.

"वा, वा," सार्जंट म्हणाले आणि वर्तमानपत्र उलटलं. "म्हणजे आता त्यांच्यासमोर तुला खांद्यावरचं कापड उतरवावं लागणार."

मी तिथेच उखळावर बसलो. नानांसमोर पुरुषाने चपला काढायच्या आणि कापड खांद्यावरून छातीखाली घ्यायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दोन्ही खांदे उघडे. दोन्ही!

धावत तालमीत गेलो. कमांडो म्हणाला, "बारा दिवसांत डावा? वेड लागलंय का?"

"तुला काय कळणार! तू असा जन्मलास."

त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच पँटचा पाय वर केला. खाली पोटरी होती, माझ्याएवढीच. फार तर बोटभर जाड.

"म्हणून तालमीतसुद्धा फुलपँट," तो म्हणाला. "पाच वर्षं समुद्रावर गेलो नाही. बायकोला वाटतं, मला पाण्याची भीती आहे."

  मला वाटलं होतं, एवढा दंड असलेला माणूस सकाळी उठून आनंदाने ओरडत असेल.

शेवटचा उपाय म्हणजे नानांकडे जाऊन कापड न उतरवण्याची सूट मागायची. पण नानांशी कुणी थेट बोलत नाही. आपण ओचामेशी बोलायचं. ओचामे म्हणजे सोनेरी मुठीची काठी धरून नानांच्या बाजूला उभा राहणारा त्यांचा बोलका माणूस. तो आपलं म्हणणं नानांना सांगतो, नाना त्याच्या कानात बोलतात, आणि ते तो आपल्याला सांगतो. त्याआधी रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची एक बाटली. मी बाटली घेऊन गेलो. अंगणात अब्राफीच्या चार मावश्या शेंगदाणे सोलत होत्या. ओचामेचा आवाज असा, की शेजारच्या गावाने वेगळा ओचामे ठेवायची गरज नव्हती.

"जावई कोणत्या कामाने आले?"

मी त्याच्या कानाशी लागलो. "जरा खासगी आहे."

"जावयाचं काम खासगी आहे!" ओचामेने अंगणाला सांगितलं. मावश्यांचे शेंगदाणे थांबले.

"अभिनंदन करायला आलो," मी म्हणालो. ते झालं. दोन दिवसांनी धीर करून पुन्हा बाटली घेऊन गेलो. या वेळी सहा मावश्या होत्या. मी पुन्हा अभिनंदन केलं. नाना ओचामेच्या कानात काही बोलले. ओचामे म्हणाला, "नाना म्हणतात, मुलगा प्रेमळ आहे."

लग्नाच्या दिवशी मंडप भरून गेला होता. एनो सापोमा, सार्जंट, अकराही खोल्या, कमांडो फुलपँटीत. एका बाजूला माझी आई. मी मामाचं केंटे पांघरून बसलो होतो. उजवा दंड चारचौघांत, तेल लावून. लोक बघत होते आणि मला बरं वाटत होतं, कबूल करतो. मात्र ते जड कापड डाव्या खांद्यावरून सारखं घसरायचं, कारण त्याला अडायला तिथे काही नव्हतं. डावा खांदा कानापर्यंत उचलून, दात आवळून मी ते सकाळपासून धरून ठेवलं होतं.

आणखी एक आशा होती. राजेलोक उशिरा येतात. मुलीला तीनदा विचारतात, "यांनी आणलेलं सगळं आम्ही स्वीकारायचं का? नंतर परत देता यायचं नाही." तिन्ही वेळा ती हो म्हणाली की पक्कं. त्यानंतर नाना आले असते तर माझं काही उघडं पडो, लग्न तर झालेलं असतं.

अब्राफी आली. ती इतकी सुंदर दिसत होती की मी दोन मिनिटं दंड विसरलो. तिच्या थोरल्या मावशीने विचारलं, "स्वीकारायचं का?"

"हो."

"दुसऱ्यांदा विचारते."

"हो."

मावशीने तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि बाहेर ढोल वाजले. नाना आले. सगळे उठले. नाना बसले. ओचामेने काठी आपटली. "जावयाने पुढे यावं!"

मी गेलो. चपला काढल्या.  कापड खांद्यावरून खाली घेतलं.

 मग कुठेतरी एनो सापोमाचा आवाज आला, "अरे देवा, म्हणून एका हाताने गुठळ्यांचं फुफू!"

नानांनी माझ्या उजव्या दंडाकडे पाहिलं. मग डाव्याकडे. पुन्हा उजव्याकडे. ओचामेच्या कानात बोलले.

"नाना विचारतात," ओचामे गरजला, "हे दोन्ही हात एकाच माणसाचे आहेत का?"

हशा फुटला. सगळ्यांत वरचा आवाज मला ओळखीचा होता. रस्त्यापलीकडून रोज ऐकू यायचा तो. अब्राफी हसत होती. आयुष्यभर मी ज्या एका गोष्टीला भ्यालो होतो, तीच झाली होती. मला वाटलं, संपलं. मी ओचामेच्या कानाशी गेलो आणि खरं ते सांगून टाकलं. पुटपुटत, तुटक तुटक. ओचामेने ते सगळं सुटसुटीत करून दीडशे माणसांना ऐकवलं.

"जावई म्हणतात, त्यांना स्वतःच्या अंगाची लाज वाटते! शर्टाखाली तीन बनियन घालतात! मुलगी बघेल आणि नको म्हणेल, ही भीती! म्हणून जेवढं दिसणार होतं तेवढंच कमावलं!"

आता कुणी हसलं नाही. मला हसलेलं परवडलं असतं. नानांनी हातानेच मावशीला खूण केली.

"तिसऱ्यांदा विचारते," मावशी म्हणाली. "स्वीकारायचं का?"

अब्राफीने डोळे पुसले. हसूनच आलेलं पाणी होतं. ती उठून माझ्यापाशी आली आणि माझा उजवा दंड दोन बोटांनी दाबून पाहिला, कापड घेताना दाबून पाहते तसा.

"हा कोण आहे, मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला हो म्हणायला लावणारा हा नव्हे." मग तिने माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. तिथे केंटेच्या काठाने वळ उठला होता. "सकाळपासून सगळं वजन याने धरलंय. तो नुसता दाखवायला. माझं हो याला आहे." आणि नानांकडे वळून गुडघा वाकवून म्हणाली, "डाव्याबद्दल माफ करा, नाना."

नाना इतके हसले की ओचामेला ते हसणं पुढे पोचवावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी अब्राफीने माझी पेटी उघडली आणि तळातून नाताळचा शर्ट काढला. "घाल. बनियन नको."

"घट्ट होतो तो. माप चुकलं होतं तुझं."

"तीन बनियनांवरून टेप धरली होती मी. मला काय कळत नाही? तीन वजा करून शिवला होता."

म्हणजे नाताळापासून तिला माहीत होतं. मी शर्ट घातला. बटणं आपोआप लागली, खांदे बरोबर खांद्यावर बसले. फक्त उजवी बाही दंडाला इतकी घट्ट बसली की हात वाकवता येईना.

"एवढी उसवून दे," मी म्हणालो.

"नाही," ती म्हणाली. "थांबू आपण. उतरेल तो."

दोन महिन्यांत उतरला.